पाच धायी आणि आमच्या मावशी



गेल्या चैत्रात आमच्या ह्यांची नोकरी गेली. कंपनीने पुण्यातला विभागच बंद केला. हातात दोन महिन्यांचा पगार दिला आणि "पुढं काही असलं तर कळवू" म्हणून निरोप दिला. असं कुणाच्याही घरी होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आता लिहिता येतंय. तेव्हा मात्र मी देवळात जातानासुद्धा ओळखीच्या बायका टाळत होते.

आमचं बाळ तेव्हा सव्वा वर्षाचं होतं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, पगार ३८,००० रुपये. घराचा हप्ता २१,५००. बाळाला सांभाळायला मावशी येत होत्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, महिना १२,०००. आता तुम्हीच बेरीज करा. हप्ता आणि मावशी यांतच ३३,५०० गेले. उरलेल्या साडेचार हजारांत चार माणसांचं घर चालवायचं होतं.

सासूबाईंनी सरळ विचारलं, "घरात माणूस बसलेला असताना पोराला बाई कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण ह्यांच्या मुलाखती चालू होत्या. दोन महिन्यांत नोकरी लागली असती तर तेव्हा बाळाला कुणी पाहायचं? नवी बाई शोधायची, तिला आपल्या घरची रीत शिकवायची, बाळाने तिला ओळखायचं, यात दोन-तीन महिने सहज जातात. आमच्या मावशी जैन नाहीत. तरी पाणी गाळून आणि उकळूनच बाळाला द्यायच्या. दिवस मावळायच्या आत त्याला मऊ भात भरवून, तोंड पुसून माझ्या हातात द्यायच्या. हे त्यांना एकदाच सांगितलं होतं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. मन अडलं की मी जुन्या पुस्तकांकडे जाते. ही खोड लग्नानंतरही सुटली नाही. बाळाला सांभाळणाऱ्या बाईचं आणि घराचं नातं आपल्याकडे कसं होतं, हे त्या आठवड्यात मी रात्री जागून वाचलं. ते तुमच्यासमोर ठेवते.

मेघकुमाराच्या पाच धायी

श्वेतांबर परंपरेतल्या सहाव्या अंगात, ज्ञाताधर्मकथेत, राजगृहाच्या श्रेणिक राजाचा आणि धारिणी राणीचा मुलगा मेघकुमार येतो. त्याला सांभाळायला पाच धायी होत्या. एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक नटवणारी, एक खेळवणारी आणि एक मांडीवर घेऊन बसणारी. त्यांच्याशिवाय देशोदेशीच्या दासींचीही यादी आहे. किरात, बर्बर, सिंहल, पारस, अरब अशा कुठल्या कुठल्या मुलखांतून आणलेल्या बायका राजवाड्यात होत्या. वाचताना पहिल्यांदा गंमत वाटते. मग मनात येतं, या बायकांची स्वतःची मुलं कुठे होती? ते ग्रंथात नाही.

आपल्या दिगंबर परंपरेत अंगग्रंथ लुप्त झाले असं मानतात, पण या पाच धायी आपल्याकडेही आहेत. वट्टकेर आचार्यांच्या मूलाचारात मुनींच्या आहाराचे दोष सांगितले आहेत. त्यातल्या सोळा उत्पादन दोषांमध्ये पहिलाच धात्रीदोष. बाळाला कसं न्हाऊ घालावं, कसं खेळवावं, दूध कसं पाजावं हे श्राविकेला सांगून, म्हणजे धायीचं काम करून, साधूने आहार मिळवला तर तो दोष. लहानपणी स्वाध्यायात हे ऐकलं तेव्हा नियम म्हणून ऐकलं होतं. आता वेगळं दिसलं. मूल सांभाळणं हे त्या काळीही पोट भरायचं साधन होतं. ते रोजीरोटीचं काम मानलं होतं, म्हणूनच ते करून आहार मिळवणं मुनीला मना होतं. आपण आज "नुसतं पोराला तर बघायचं असतं" असं किती सहज म्हणतो!

पंथक आणि चिलात

त्याच ज्ञाताधर्मकथेत मूल सांभाळणाऱ्या दोन पोरांच्या गोष्टी आहेत. आपल्या लहानपणी त्या कुणी शेजारी शेजारी ठेवून सांगितल्या नाहीत, म्हणून मी सांगते.

पहिली दुसऱ्या अध्ययनातली. धन्य सार्थवाह आणि भद्रा यांना खूप नवसांनी मुलगा झाला, देवदिन्न. त्याला खेळवायला पंथक नावाचा दासपुत्र ठेवला होता. एक दिवस पंथक बाळाला बाजूला बसवून दुसऱ्या मुलांत खेळायला लागला. तेवढ्यात विजय चोराने अंगावरच्या दागिन्यांसाठी बाळाला उचललं आणि मारून विहिरीत टाकलं. आपल्याला पुढची गोष्ट आठवते ती धन्य आणि विजय एकाच बेडीत अडकतात ती, कारण तिथेच गोष्टीचा बोध आहे. पण तुरुंगात धन्याला जेवणाचा डबा घेऊन कोण जातं? पंथक. ज्याच्या हातून मूल गेलं तो पोरगा त्या घरातच होता आणि त्याच्याच हाती डबा पाठवत होते.

दुसरी अठराव्या अध्ययनातली. यातही व्यापारी धन्यच नावाचा, त्याला पाच मुलगे आणि पाठची मुलगी सुंसुमा. तिला कडेवर घेऊन फिरणारा दासपुत्र चिलात. तो इतर मुलांची कवड्या, खेळणी, दागिने पळवायचा. शेजारचे आईबाप तक्रार घेऊन येत राहिले. धन्याने बऱ्याचदा रागावून पाहिलं आणि शेवटी त्याला घराबाहेर काढलं. चिलात व्यसनाला लागला, चोरांच्या टोळीत गेला आणि टोळीचा नायक झाला. मग त्याच घरावर दरोडा घालून त्याने सुंसुमेलाच पळवलं. पाठलाग झाल्यावर तिला मारलं.

यातून "नोकराला काढलं की अनर्थ होतो" असा अर्थ मी काढत नाही. चिलाताला काढायला कारण होतं, आणि ग्रंथाला सांगायचं आहे ते आहाराच्या आसक्तीबद्दल. मला फक्त एवढंच दिसलं की चिलात घराबाहेर पडल्यावर कुठे जाईल, काय खाईल, हे त्या घरात कुणीच विचारलं नाही. आणि जो मुलीला रोज कडेवर घेत होता, त्याला घराची प्रत्येक वाट ठाऊक होती.

दासी-दास आणि अतिचार

आता आपल्या श्रावकाचाराकडे येऊ. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार आहेत. शेत-घर, चांदी-सोनं, धन-धान्य, दासी-दास, भांडी-कापड यांची ठरवलेली मर्यादा ओलांडणं. म्हणजे दासी-दास ही मालमत्ता होती, सोन्याच्या आणि धान्याच्या ओळीत. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण लपवू नये. आपल्या पूर्वजांच्या घरात माणसं विकत घेतलेली होती. चंदनबालेची कथा आपण भक्तीने सांगतो. ती राजकन्या कौशांबीत दासी म्हणून राबली, तिने भगवान महावीरांना आहार दिला आणि पुढे ३६,००० आर्यिकांची प्रमुख झाली. ही कथा घडू शकली, कारण त्या गावात बाई विकत घेता येत होती.

पण त्याच अध्यायात अहिंसाणुव्रताचेही पाच अतिचार आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि खाणंपिणं तोडणं. आपण हे गाई-बैलांना लावतो. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसालाही ते लागतात.

मी वहीत आमचे पर्याय लिहिले आणि शेजारी हे शब्द लिहिले. पहिला पर्याय, मावशींना उद्यापासून नको म्हणायचं. अन्नपाननिरोध. दुसरा सासूबाईंचा, "ठेवायचीच असेल तर त्याच पैशात स्वयंपाक आणि धुणंभांडीही करून घे, बाकीच्या बायका बंद कर." अतिभारारोपण. तिसरा माझ्याच मनात आलेला, वेळ तोच ठेवायचा आणि "सध्या अडचण आहे" म्हणून पैसे कमी द्यायचे. इथे अचौर्याणुव्रताचा अतिचार आठवला, हीनाधिक मानोन्मान. घेताना मोठं माप, देताना लहान. दुकानदाराच्या तराजूसाठी सांगितलेली गोष्ट घरातल्या घड्याळालाही लागू पडते.

आणि एक चौथा होता, दिसायला सगळ्यांत चांगला. काहीच बदलायचं नाही, मोडायची ती मुदतठेव मोडायची आणि याला दान समजायचं. पण दान आणि पगार एक नव्हे. जिनसेन आचार्यांनी आदिपुराणात दत्ती सांगितल्या आहेत, दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती, अन्वयदत्ती. यात कामाचा मोबदला कुठेच बसत नाही. तो देणं आहे. देणं दिल्याचं पुण्य मोजत बसलं की मावशींकडून उपकाराची अपेक्षा सुरू होते, आणि ठेव संपली की त्यांचाच राग यायला लागतो.

निष्ठा कुणी कुणाशी ठेवायची

दाईच्या गोष्टी म्हटलं की आपल्याला निष्ठेच्या गोष्टी आठवतात. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे आठवतात. चितोडची पन्ना धाय आठवते, जिने बनवीरच्या तलवारीखाली स्वतःचं मूल देऊन राजपुत्र उदयसिंहाला वाचवलं. पन्नाच्या गोष्टीचा पुढचा भाग आपण क्वचित सांगतो. ती बाळ घेऊन दारोदार फिरली आणि बनवीरच्या भीतीने कुणी तिला ठेवून घेईना. शेवटी ती कुंभलगडावर आशा शाह देपुरा या किल्लेदाराकडे आली. कर्नल टॉडने राजस्थानच्या इतिहासात (पहिला खंड १८२९) त्याची नोंद जैन म्हणून केली आहे. टॉड सांगतो की तोही कचरला. तेव्हा तिथे असलेल्या त्याच्या आईने त्याला खडसावलं आणि मूल ठेवून घ्यायला लावलं. पन्ना मात्र कुणाला संशय येऊ नये म्हणून तिथून निघून गेली.

सख्यांनो, या सगळ्या गोष्टी दाईकडून निष्ठा मागतात. घराने दाईशी किती निष्ठा ठेवावी, याच्या गोष्टी फार कमी आहेत. आशा शाहच्या आईचं नावही इतिहासाने ठेवलं नाही. पण दारात उभ्या असलेल्या दाईचा निर्णय एका घरातल्या बाईनेच घेतला, हे मला त्या रात्री फार जवळचं वाटलं.

हॅकनीचं घर

'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि इंग्रजांच्या बंगल्यात रुळला. इंग्रज कुटुंबं विलायतेला जाताना जहाजावर मुलांना सांभाळायला आया बरोबर घेत. महिनोन्‌महिने समुद्रावर मुलं तिच्याच मांडीवर. तिकडे पोचलं की गरज संपली. काहींना परतीचं भाडं मिळे, काहींना तसंच सोडून दिलं जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयांचं घर' होतं. १९०० साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आलं, १९२१ साली त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीत गेलं. हिंदुस्थानात निघालेलं एखादं कुटुंब मिळेपर्यंत आया तिथे थांबत. २०२२ साली त्या रस्त्यावरच्या पहिल्या इमारतीवर स्मरणाची निळी पाटी लागली.

त्या इंग्रज मडमा काही राक्षसिणी नव्हत्या. त्यांनीही खर्चाचीच बेरीज केली असणार. त्या बेरजेत परतीचं भाडं धरलं नव्हतं, इतकंच.

आपल्या पुण्यातही हा इतिहास आहे. १९८० साली इथल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तोपर्यंत आजारपणाची रजासुद्धा मालकिणीच्या मर्जीवर होती. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आणि मदतीच्या योजना आल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या आधी पंतप्रधानांनी, कामाला येऊ न शकणाऱ्यांचा पगार कापू नका, असं आवाहन केलं. काही घरांनी पाळलं, काहींनी नाही. काम थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं, हे आजही आपल्या दाराच्या आतच ठरतं.

आजीचं बहात्तर साल

हे सगळं वाचत होते, पण मनात सारखी आजी येत होती.

माझं माहेर मिरजेच्या पूर्वेकडचं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरची विहीर आटली, शेतात काही उगवलं नाही. आजीच्या हाताखाली एक बाई होती. माझ्या वडिलांना आणि काकांना तिनेच कडेवर वाढवलं. रोख पगार नव्हता. रोजची भाकरी, दिवाळीला लुगडं, सुगीला जोंधळे. सुगीच झाली नाही तेव्हा घरात सात माणसं आणि कणगीत थोडे जोंधळे होते. आजीने एका सकाळी तिला उंबऱ्यातूनच सांगितलं, "उद्यापासून येऊ नको. खडीवर काम मिळतंय." सवा पायली जोंधळे पदरात घातले.

बाई गेली. त्या वर्षी हजारो बायका सरकारी कामावर खडी फोडत होत्या, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होत्या. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा त्याच अनुभवातून पुढे आला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आजीने निरोप पाठवला. ती आली नाही. कुठे गेली ते कळलं नाही.

मी शाळेत असताना आजी दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना क्षमा मागून झाल्यावर हात जोडून एक नाव घ्यायची. ते नाव आमच्या नात्यातलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा तिने ही गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "आजी, तुझ्याकडेच नव्हतं तर तू काय करणार होतीस?" आजी म्हणाली, "काम थांबवलं त्याचं नाही गं. पंधरा वर्षं घरात वावरलेल्या बाईला मी उंबऱ्यातनं सांगितलं. आत बोलवून, बसवून सांगायला काय झालं होतं? तिला काही म्हणायचं असंल."

बसवून सांगितलं

तिसऱ्या दिवशी मी मावशींना बसवलं. चहा ठेवला आणि वहीच समोर ठेवली. आमचा पगार, हप्ता, ठेव, सगळं सांगितलं. ह्यांना ते आवडलं नव्हतं. घरचा हिशेब बाहेर का सांगायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, जा म्हणताय का?"

मी म्हटलं, "नाही. काय करता येईल ते तुमच्याशी बोलून ठरवायचंय."

मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला. खोलीचं भाडं, मुलाचा क्लास, भिशी. वर्षभर त्या माझ्या घरात होत्या आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प बसून त्याच म्हणाल्या, "दादा सकाळचे घरात असतात ना? मग मी सकाळी दुसरीकडं स्वयंपाकाचं काम धरते. तुमच्याकडं बारा ते सहा येते. दादांना दुपारी बाहेर जाता येईल. फक्त बंद करायचं झालं तर महिनाभर आधी सांगा."

माझ्या चारही पर्यायांत हा नव्हता. दहा तासांचे १२,०००, तर सहा तासांचे ७,२०० होतात. आम्ही ७,५०० ठरवले. दुसरं काम मिळायला त्यांना तीन आठवडे लागले, त्या महिन्याचा पगार पूर्ण दिला. तो ठेवीतून आला. तेवढ्यानेही महिन्याची तोंडमिळवणी होत नव्हती, म्हणून माझ्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या. आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा, दिलं होतं. मी काही लक्ष्मीबाई नव्हे. माझ्या बांगड्या आमच्याच घरासाठी गेल्या आणि सहा महिन्यांत सोडवून आणल्या. तरी बँकेत त्या काढून देताना त्यांची आठवण झाली आणि हात थोडा हलका झाला.

ह्यांना पहिले पंधरा दिवस बाळ सांभाळता येईना. दहा वाजेपर्यंत दोघंही रडकुंडीला आलेले असत. मग जमलं. आता नाचणीचं सत्त्व माझ्यापेक्षा हे चांगलं करतात.

नऊ दिवस

इथेच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण एक राहिलं.

पाचव्या महिन्यात बाळ आजारी पडलं, औषधाला खर्च आला. मी मावशींचा पगार नऊ दिवस उशिरा दिला. त्यांना आधी सांगितलंही नाही. मनात होतं, आपल्याच आहेत, समजून घेतील. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याने सहज बोलताना कळलं की त्यांची भिशी चुकली होती आणि दंड भरावा लागला होता. अन्नपाननिरोध, हीनाधिक मानोन्मान, एवढं सगळं वहीत लिहून ठेवलेली मी!

ते भाद्रपदाचे दिवस होते. क्षमावाणीला देवळातून आले, मावशी बाळाला झोपवत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले, दंडाचे पैसे हातात दिले आणि हात जोडून क्षमा मागितली. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "असं काय करताय ताई, पोर उठंल." पण पैसे त्यांनी घेतले, नको म्हटलं नाही. मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ह्यांना नोकरी लागली, आधीपेक्षा थोड्या कमी पगारावर. मी मावशींना म्हटलं, आता पुन्हा आठ ते सहा या. त्या म्हणाल्या, "नाही ताई, सकाळचं काम नाही सोडत. तुमची अडचण होती तेव्हा त्यानंच तारलं." माझा चेहरा पडला असणार. पण त्यांचं बरोबर होतं. एकाच घराच्या भरवशावर राहायचं नाही, हा धडा आमच्या घरानेच त्यांना दिला होता. आता सकाळी बाळ सोसायटीतल्या पाळणाघरात जातं आणि दुपारी मावशी त्याला तिथून घेऊन येतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल किंवा येईल, तर मी एवढंच सांगेन. ठेवायचं की थांबवायचं, हे प्रत्येक घराच्या वहीवर ठरेल. कधी खरंच थांबवावं लागतं, त्यात पाप नाही. पण निर्णय पक्का होण्याआधी त्या बाईला आत बोलवा, बसवा, आपली वही दाखवा आणि तिची विचारा. जो पगार ठरेल तो ठरल्या तारखेला द्या. थांबवायचंच असेल तर महिनाभर आधी सांगा.

यंदा क्षमावाणीला मीही आजीने घेतलेलं ते नाव घेतलं. त्या बाईंच्या घरचं कुणी कुठे असेल तर त्यांना आमच्या घराकडून उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.